चौतीस सह्या आणि तिसरं पान

बसा. चहा येतोय. साखर ज्याची त्याने घालून घ्या, मला आज कोणाचे चमचे मोजायचा मूड नाही. आणि आधीच सांगते, मी चिडलेली आहे. तुमच्यावर नाही. म्हणजे, थोडी तुमच्यावरही. रविवारी सकाळी पीएचडीला नुकतं नाव घातलेले चौघं दारात उभे, आणि वर म्हणे, "मॅडम, थोडं प्रॅक्टिकल गायडन्स हवं होतं!"

देवधर मॅडमनी पाठवलं ना? वाटलंच मला! माझ्या गाइड त्या, आता तुमच्याही. त्यांना माझी फजिती पाठ आहे, म्हणून मुद्दाम माझ्याकडे पाठवलंय. नाहीतर यशस्वी माणसं काय कमी आहेत?

सांगते. लपवण्यासारखं आता काही उरलेलंच नाही, आमच्या भाईंदरच्या अख्ख्या इंद्रलोक भागाला माहितीये. पण मध्येच जो हसेल त्याची खारी मी परत घेणार.

एक मिनिट हं, फोन. "हॅलो! हां पटेलभाई. पानी नहीं आया? देखती हूँ. अरे बोला ना, देखती हूँ!"

हे फोन येत राहणार. का येतात ते शेवटी सांगते, आत्ता विचारून माझं डोकं आणखी फिरवू नका.

तर सल्ला. मी पीएचडीला बसले तेव्हा मला सल्ला दिला नाही असा माणूस शोधून सापडला नसता! कॉलेजातल्या सहकाऱ्याने सांगितलं, खुर्ची चांगली घे, पाठ जाते. नणंद म्हणाली, रोज पाच बदाम भिजवून खा. एक बाई म्हणाल्या, गाइडच्या घरी गणपतीला जायला विसरू नकोस. एकाने तर पेन ड्राइव्ह तीन ठेव, एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेव, इथपर्यंत सांगितलं. लॉकरमध्ये! माझं मंगळसूत्र डब्यात आणि पेन ड्राइव्ह लॉकरमध्ये!

पण जे सांगायला हवं होतं ते एकानेही सांगितलं नाही. नाही, खोटं बोलतेय. एकाने सांगितलं होतं. त्याच्यावर मी भर मीटिंगमध्ये ओरडले. तोच तर किस्सा आहे.

सुरुवात प्रवेशाच्या दिवशीच झाली. काउंटरवर क्लार्कने कागदांचा गठ्ठा सरकवला आणि बोट ठेवत गेला. "इथे सही, इथे सही, आणि इथे." मी म्हटलं, "वाचू का जरा?" तो म्हणाला, "मॅडम, मागे लाइन आहे." मग काय, अकरा सह्या ठोकल्या आणि बाहेर येऊन समोसा खाल्ला. तुम्हीही केल्यात ना परवा? किती कागद वाचलेत? खाली काय बघताय, उत्तर द्या! एकानेही नाही? वा!

माझा विषय होता, 'शहरालगतच्या गृहनिर्माण सोसायट्यांतील शेजारसंबंध आणि परस्परविश्वास'. हसू नका म्हटलं ना! विषय मीच निवडला होता. परळहून इकडे राहायला आले तेव्हापासून मला वाटायचं, इथे गुजराती, मारवाडी, यूपीवाले, कोकणातले, सगळे एका जिन्यावर राहतात. यांचा एकमेकांवर विश्वास बसतो तरी कसा? चांगला विषय आहे हो. माणूस वाईट होता, म्हणजे मी.

आता माझी अडचण समजून घ्या. समितीपुढे प्रगती दाखवायची होती, निदान तीस कुटुंबांच्या मुलाखती. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे माझी आधीची सहा महिन्यांची मुदत वाया गेली होती. समितीने लेखी कळवलं होतं, या वेळी काम झालं नाही तर नोंदणी रद्द. रद्द म्हणजे पुन्हा प्रवेश परीक्षा! बेचाळिसाव्या वर्षी, कॉलेज आणि घर सांभाळून, आपल्याच विद्यार्थ्यांच्या शेजारच्या बाकावर बसून परीक्षा! मी रात्रंदिवस एकच जप करत होते. तीस घरं, तीस घरं.

आता प्रत्येक घराकडून एक संमतीचा फॉर्म भरून घ्यायचा असतो, तुम्हालाही लागेल. माझा तीन पानी होता. पहिल्या पानावर माझी ओळख, दुसऱ्यावर बारा प्रश्न, तिसऱ्यावर बारीक इंग्रजीत नियम. खाली एक सही मुलाखत देणाऱ्याची आणि एक माझी, संशोधक म्हणून. पहिली दोन पानं मी घाम गाळून लिहिली. तिसरं संस्थेच्या वेबसाइटवर तयार होतं. मी फक्त नाव टाकलं आणि प्रिंट मारली.

मॅडमनी विचारलं, "मुलाखती कुठे घेणार?"

मी म्हटलं, "भाईंदरला."

त्या म्हणाल्या, "छान." संपलं. खरं तर तेव्हाच मी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. कारण माझ्या डोक्यात होतं, उन्हातान्हात वणवण कशाला करायची? आपलीच सोसायटी आहे की! शांतिदीप. तीन विंग, चौऱ्याऐंशी घरं, लिफ्ट चालू असली तर चपलाही झिजणार नाहीत.

शनिवारी समोरच्या दारापासून सुरुवात केली. समोर जिग्नाबेन. माझ्या घराची एक चावी त्यांच्याकडे, त्यांची एक माझ्याकडे, असं आमचं. मी फॉर्म पुढे केला.

"जिग्नाबेन, पहले पढ लो, फिर साइन करना."

"अरे तू बोली ना, बस! पढने का क्या उसमें? ला पेन."

"नहीं, नियम है. पढना पडता है."

"तेरे पे भरोसा नहीं है क्या मेरेको? ला!"

सही केली. नुसती केली नाही, पदर खोचून माझ्याबरोबर निघाल्या. प्रत्येक मजल्यावर माझ्या आधी यांचाच आवाज! "ए वंदनाबेन, बाहर आओ, साइन करो, अपनी वैशाली का काम है." लोक हात पुसत बाहेर यायचे, सही करून आत जायचे. कोणी दाराला टेकवून केली, कोणी माझ्या पाठीवर कागद ठेवून केली. मग बारा प्रश्नांची फटाफट उत्तरं, आणि पुढचं दार. खाली मीही माझी सही मारत गेले.

दोन दिवसांत चौतीस घरं! तीसची गरज, आणि माझ्याकडे चौतीस! रविवारी संध्याकाळी मी वहीत लिहिलं, 'विश्वासाची पातळी : अत्यंत उच्च.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

एकाच घराने मला अडकवलं. पहिल्या मजल्यावरचे म्हात्रे काका. हे मूळचे इथलेच. म्हणजे आमच्या इमारती उभ्या राहायच्या आधीचे, भातशेती आणि मिठागरवाल्यांपैकी. अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. दर वार्षिक सभेत हात जोडायचे, "आता दुसरा कोन तरी घ्या रे, मना सोडा." की सगळे चपला शोधायला लागायचे. ते पद घेणार कोण?

काकांना मी फॉर्म दिला. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ठेवून जा. वाचतो."

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"तुझा दोन मिन्टांचा. मना आठ दिस लागतील."

आठ दिवस! तीन पानांना! मी येता-जाता त्यांच्या खिडकीतून बघायचे. तर हे टेबलाशी, बोट कागदावर, आणि शेजारी पुठ्ठा निघालेली जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी. मला असा संताप यायचा म्हणून सांगू! मी नितीनला म्हटलं, म्हणजे माझ्या नवऱ्याला, "म्हातारा मुद्दाम करतोय. सेक्रेटरी असल्याचा माज आहे." नितीन म्हणाला, "वाचतायत गं बिचारे." नितीनला कोणीही बिचारंच वाटतं, बायको सोडून.

आणि गुरुवारी स्फोट झाला.

आमची इमारत जुनी. आसपास ज्या-त्या गेटवर रीडेव्हलपमेंटचे बोर्ड लागलेले. त्यामुळे आमच्याकडे दोन पार्ट्या, एक 'पाडा'वाली आणि एक 'पाडू नका'वाली. अशा ठिकाणी एक बाई दारोदार फिरते, सह्या गोळा करते, वर विचारते, तुम्ही इथे किती वर्षं राहता, घर किती फुटांचं आहे. आणि प्रश्न अकरा ऐका, हा मी स्वतः, स्वतःच्या बुद्धीने काढलेला आहे : 'काही महिन्यांसाठी घर रिकामं करून जावं लागलं, तर चावी कोणत्या शेजाऱ्याकडे ठेवाल?'

मला विश्वास मोजायचा होता हो! लोकांना एवढंच ऐकू आलं की घर रिकामं करायचंय.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बी विंगमधून मेसेज आला, 'वैशाली मॅडमने ३४ साइन ले लिया है. बिल्डर कौन है, मेंबर को बताओ.' झालं! अर्ध्या तासात माझा बिल्डर ठरला, त्याची गाडी कुठली तेही ठरलं. लिफ्टमध्ये एकाने हळूच विचारलं, "कार्पेट एरिया कितना मिलेगा, मॅडम?" 'पाडा'वाल्यांनी घरी पेढे पाठवले. 'पाडू नका'वाल्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ए विंगमधल्या एका आजींनी तर देव्हाऱ्यातले देव फडक्यात गुंडाळून ठेवले, ऐन वेळी धावपळ नको म्हणून.

मी जिग्नाबेनकडे धावले. म्हटलं, निदान ही तरी माझी बाजू घेईल. तर त्यांनी मला आत ओढलं, दार लावलं आणि कानात म्हणाल्या, "वैशाली, मेरेको तो सच बता. तेरेको दो फ्लॅट देनेवाला है ना?"

"जिग्नाबेन! मैं पीएचडी कर रही हूँ! पढाई!"

"हां हां, पढाई." आणि डोळा मारला!

हे इथवरही ठीक होतं. लोकांना काय, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. पण त्याच संध्याकाळी सात जण दारात आले. "आमचा फॉर्म परत द्या." चौतीसातून सात गेले की किती? सत्तावीस! तीसच्या खाली! नोंदणी रद्द! माझ्या डोळ्यांपुढे ती परीक्षा, तो बाक आणि शेजारी बसलेली माझीच एमए झालेली मुलं! माझं टाळकंच सटकलं. दार आपटलं, फोन उचलला आणि ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला.

काय टाकलं ते ऐका. "एकदा सही केली की केली! सगळे कागद माझ्या ताब्यात आहेत. कोणालाही परत मिळणार नाहीत. सोमवारी प्रेझेंटेशन आहे, तिथे सगळं सादर होणार. काय करायचं ते करा!"

नितीनने तो मेसेज दोनदा ऐकला. मग फोन माझ्या कानाला लावून मलाही ऐकवला. "वैशू, हे बोलणारी बाई कोण वाटते तुला?"

काय सांगू! अगदी बिल्डरची माणसं बोलतात ना, तश्शी! आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे, त्याच फॉर्मच्या पहिल्या पानावर मीच माझ्या हाताने लिहिलं होतं, 'आपण आपली संमती कधीही मागे घेऊ शकता.'

ग्रुपवर तर आग लागली. एकाने विचारलं, प्रेझेंटेशन कुठे आहे, नाश्ता आहे का. दुसऱ्याने विचारलं, पोलिसात जायचं का. शेवटी काकांचा मेसेज आला, 'शनिवार, पाच वाजता, ऑफिसात. सगळ्यांनी यावे.'

आमचं ऑफिस म्हणजे पंपाच्या खोलीला लागून एक खोली. आत वीस माणसं मावतात, त्या दिवशी साठ होती. मी कोपऱ्यात, फाइल छातीशी घट्ट धरून. काका खुर्चीत. टेबलावर माझा फॉर्म, शेजारी ती डिक्शनरी.

"बसा," काका म्हणाले. बसायला जागा नव्हती, पण सगळे गप्प झाले. "मी हा कागद आठ दिस वाचलाय. सगला वाचलाय. यात बिल्डर न्हाय, फ्लॅट न्हाय, पाडायचा काय बी न्हाय. वैशाली बाय शिकते हाय, तिचे शिक्षणाचा कागद हाय. कोणाची जागा जात न्हाय."

साठ माणसांनी सुस्कारा सोडला. माझा एकसष्टावा.

मग काकांनी विचारलं, "चौतीस जणांनी सही केली. वाचला कोणी?"

जिग्नाबेन पंख्याकडे बघत होत्या.

"ही बिल्डिंग हाय ना," काका म्हणाले, "हितं आमचा भाताचा शेत व्हता. एक दिस माणूस आला, बापाला बोलला, हितं अंगठा मार. माणूस वलखीचा व्हता. बापानं मारला. त्याला वाचता येत न्हवता. मना येतो. म्हणून मी वाचतो, येल लागला तरी वाचतो."

खरं सांगते, चौदा वर्षं मी त्या शेतावर राहत होते आणि मला माहीत नव्हतं. ज्या सात जणांना फॉर्म परत हवे होते ते म्हणाले, असू दे, राहू दे. चौतीसच्या चौतीस वाचले. माझी नोंदणी वाचली! मी काकांच्या पाया पडणार होते, इतक्यात ते म्हणाले.

"पण बाय, तुझा काम हितं व्हनार न्हाय."

"म्हणजे?"

"तिसरे पानाव लिवलाय. आपण र्‍हातो त्या जागंत हा काम करायचा न्हाय. घरच्यांत न्हाय, नोकरीच्या जागंत न्हाय, र्‍हात्या जागंत न्हाय. मी दोनदा बघितला."

माझा पारा कुठे गेला ते विचारू नका. दोन दिवस बिल्डरची म्हणवून घेतलं, पेढे घेतले, शिव्या घेतल्या, आणि आता हा माणूस मला माझाच फॉर्म शिकवतोय? सगळ्यांसमोर?

"काका, पीएचडी मी करतेय की तुम्ही?"

"तू करतेस. पण लिवलाय..."

"ते छापील असतं! सगळ्यांच्या फॉर्मवर असतं! तिसरं पान तुमच्यासाठी नाहीये! शब्द डिक्शनरीत बघून संशोधन कळत नसतं!"

बापाची गोष्ट सांगून त्या माणसाला दोन मिनिटं झाली नव्हती. आणि मी हे बोलले. सगळ्यांसमोर.

काकांनी डिक्शनरी मिटली. "बरा," म्हणाले. फॉर्म माझ्या हातात दिला. सही केली नव्हती. लोक माझ्याकडे बघत होते ते मला अजून आठवतं. नितीन जिन्यात म्हणाला, "एकदा बघ तरी तिसरं पान." मी म्हटलं, "मुळीच बघणार नाही!" आणि नाही बघितलं. शनिवारची रात्र होती, अख्खा रविवार होता, पान हातात होतं. पाच ओळी होत्या हो! निव्वळ रागाने वाचल्या नाहीत.

सोमवार. समिती. देवधर मॅडम, विभागातले दोघं आणि एक बाहेरून आलेले तज्ज्ञ, बारीक चष्म्याचे, आवाज अगदी मऊ. मी रंगीत तक्ते दाखवले. विश्वासाची पातळी अत्यंत उच्च. मॅडम खूश होऊन मान हलवत होत्या. मी मनात म्हटलं, बघा म्हणावं त्या म्हाताऱ्याला!

तज्ज्ञांनी एक फॉर्म उचलला आणि मागून उघडला. "मला शेवटचं पान आधी बघायची सवय आहे," म्हणाले. मग माझ्या नोंदणीचा कागद बघितला. "तुम्ही कुठे राहता, मॅडम?"

"शांतिदीप सोसायटी, इंद्रलोक."

"आणि ही चौतीस कुटुंबं?"

"शांतिदीप..."

"ही सही कोणाची?"

"माझी."

"तिच्या वरची ओळ जरा मोठ्याने वाचता?"

वाचली. आयुष्यात पहिल्यांदा. 'संशोधकाने स्वतःच्या निवासाच्या इमारतीतील, नात्यातील किंवा कामाच्या ठिकाणच्या व्यक्तींची निवड करू नये.' इंग्रजीत होती, पण अर्थ शब्दन् शब्द काकांचा!

त्यांनी दुसरा फॉर्म उलटला. "ही?"

"माझीच."

तिसरा. चौथा. मीच म्हटलं, "सर, बाकीच्याही माझ्याच आहेत." तरी त्यांनी प्रवेशाच्या दिवशीचं हमीपत्र काढलंच. कलम सात. तीच ओळ. खाली सही. समोसा खायच्या आधीची! म्हणजे चौतीस नाही, पस्तीस वेळा मी लिहून दिलं होतं की मी हे करणार नाही. आणि तेच केलं होतं. देवधर मॅडम चष्मा पुसत होत्या. पाच मिनिटं तोच चष्मा.

नोंदणी रद्द झाली नाही. मॅडमनी शब्द टाकला म्हणून शेवटची सहा महिन्यांची मुदत मिळाली. तीस नवीन घरं, दुसऱ्या सोसायटीतली. आणि वर अट! चौतीस घरी स्वतः जाऊन फॉर्म परत करायचे आणि सांगायचं की ते रद्द झालेत. ज्या बाईने 'कोणालाही परत मिळणार नाहीत' म्हणून गर्जना केली होती, ती बाई आता दारोदार फॉर्म परत करत फिरत होती! जिग्नाबेननी फॉर्म हातात घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, "बिल्डर भाग गया क्या?"

शेवटी काकांच्या दारात गेले. काय बोलायचं ते जिन्यात तीनदा ठरवलं होतं, तोंडातून एवढंच आलं, "काका, चुकलं माझं. फार वाईट बोलले."

"सोमवारी वाचलास?"

"वाचलं."

"मंग झाला." आत हाक मारून चहा सांगितला. "सिल्व्हर पार्कात माझा मेव्हणा र्‍हातो. त्याचे सोसायटीत बोलतो मी. येतो तुझेसंगं. पण लोकांना वाचू द्यायचा हां. घाई न्हाय करायची."

आले हो! ओळीने सहा रविवार आले. रिक्षात मांडीवर ती डिक्शनरी. प्रत्येक घरी बसायचे, तिसरं पान काढायचे आणि बोट ठेवून एकेक ओळ समजावून सांगायचे, मराठीवाल्याला मराठीत, हिंदीवाल्याला हिंदीत. चार घरांनी वाचून नाही म्हटलं. एकतीस घरांनी वाचून हो म्हटलं. माझ्या एकतीस मुलाखती खऱ्या झाल्या, आणि आज जो काही प्रबंध लिहितेय तो त्या माणसामुळे लिहितेय.

शेवटच्या रविवारी आम्ही परत आलो. माझं मन भरून आलेलं. काकांनी कपाटातून एक कागद काढला, टेबलावर ठेवला. "बाय, हितं एक सही दे."

मी म्हटलं, "एक काय, दहा देते, काका!" आणि दिली.

"वाचलास?"

"तुमचा कागद काय वाचायचा, काका!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि हसायला लागले. चौदा वर्षांत मी त्या माणसाला हसताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या मायेने विरघळले.

आठ दिवसांनी खाली नोटीस बोर्डवर कागद लागला. 'सेक्रेटरी पदासाठी एकच अर्ज आला असून सौ. वैशाली परब यांची बिनविरोध निवड झाली आहे.'

खारी ठेवा! ठेवा खाली! बजावलं होतं ना, हसायचं नाही म्हणून!

मी भांडायला गेले तर म्हणाले, "तुझीच सही हाय, बाय." आता ते खिडकीत निवांत पेपर वाचतात. आणि दर सोमवारी मला एक तक्रार अर्ज देतात. लेखी. तीन पानी. तिसरं पान बारीक अक्षरात, आणि काय म्हणायचंय ते नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

थांबा, फोन. बघा, परत पटेलभाई.

"हॅलो... हां, हां, पंप का मालूम है मेरेको... अरे हो, सेक्रेटरीच बोल रही हूँ!"